पटावरची दुर्वा

दुर्वा झोरे तालुक्यात पहिली आली, त्या दिवशी तिला शाळा सोडून तीन वर्षं आणि एक महिना झाला होता.

हे मी इतक्या नेमकेपणानं सांगू शकते, कारण ती शाळेत आहे असं दर पंधरा दिवसांनी अंगठा लावून सांगणारी बाई मीच. मी रोहिणी थोरवडे. करंजमाळच्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका मी, शिक्षिका मी, कारकून मी, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी रजेवर गेल्या की तांदूळ निवडणारीही मीच. शिकवणाऱ्या काचेच्या पाट्या आल्यापासून सातवीपर्यंतचे सगळे वर्ग एकाच बाईवर सोडून द्यायची सोय झाली आहे. शिकवायचं पाटीनं, बाईनं फक्त पोरांची नाकं पुसायची, असं प्रशिक्षणात एका साहेबांनी हसत हसत सांगितलं होतं. त्यांच्या नाकाकडे बघून मीही हसले होते.

करंजमाळ पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला. एसटी खालच्या फाट्यावर सोडते, तिथून अर्धा तास चढण. एकवीस घरं, त्यातली बारा कुलूपबंद. नियम असा की शाळेचा पट दहाच्या खाली गेला की शाळा बंद, आणि मुलं सतरा किलोमीटरवरच्या समूहशाळेत. मुलगे कसेबसे गेले असते. मुलींना कोणी पाठवलं नसतं, हे मला इथल्या अकरा वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं.

दुर्वा धरून पट बरोबर दहा होता. ती चौथीत असताना दिवाळीनंतर तिच्या बापाला, संतोष झोरेला, नवी मुंबईत एका शीतगृहात काम लागलं. घराला कुलूप लागलं. तिची आई सारिका जाताना मला भेटायला आली. "शिमग्याला येतोय बाई. दाखला नगं. नाव ऱ्हाऊ द्या पोरीचं."

मी नाव राहू दिलं. नाव कमी करायला मास्तरचा हात कधी वळत नाही. माझ्या आधीच्या गुरुजींनीही हेच केलं, त्यांच्या आधीच्यांनीही. हजेरीच्या वहीत दोन-चार मुलं कायमची आजारी असायची, आणि साहेब तपासणीला आले की शेजारच्या वाडीतली पोरं त्यांच्या नावानं 'हजर' म्हणायची. त्यात कोणाचं वाईट झालेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

फरक एवढाच की वहीतलं नाव वहीतच पडून राहायचं. ते अभ्यास करायचं नाही.

पाट्यांमध्ये जी प्रणाली चालते तिचं नाव 'सांगाती'. पाटीच्या काचेमागे बारीक कॅमेरा असतो. मुलाची नजर कुठे अडते, उत्तरावर जाण्याआधी बोट किती वेळ घुटमळतं, चार पर्यायांपैकी कुठला चुकीचा पर्याय त्याला आधी खुणावतो, कितव्या मिनिटाला कंटाळा येतो, हे सगळं ती टिपत राहते. बरोबर उत्तरातून तिला फारसं काही कळत नाही, कारण बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं. चूक मात्र ज्याची त्याची असते. अशा लाखभर चुका आणि घुटमळणी जमल्या की त्यातून त्या मुलाचं एक गणिती रूप तयार होतं. मग प्रश्न विचारायच्या आधीच ते मूल काय उत्तर देईल, हे शंभरात ब्याण्णव वेळा सांगता येतं. कागदोपत्री त्याला 'अध्ययन-प्रतिरूप' म्हणतात. आम्ही सगळे सावली म्हणतो.

डोंगरातल्या शाळांसाठी या सावलीचा एक खास उपयोग काढलेला होता. आमच्याकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस रेंज नसते. मग मधले धडे सावली करते. मूल जिथे अडखळलं असतं तिथे तीही अडखळते, आणि मूल परत आलं की त्याच जागांची उजळणी पाटीत तयार मिळते. या दिवसांना 'पूरक उपस्थिती' म्हणतात आणि ते हजेरीत धरतात. बाईनं दर पंधरा दिवसांनी अंगठा लावून एवढंच सांगायचं की मूल गावातच आहे, घरी पाटीवर शिकतं आहे. दुर्वाची पाटी माझ्या कपाटात होती. तिची सावली शिकत होती. मी अंगठा लावत होते. एकदा, दोनदा, दहादा, मग मोजायचंच सोडून दिलं.

सावलीला गणित जमायचं आणि ती नेमक्या दुर्वाच्याच चुका करायची. भागाकारात शून्य विसरायची. आडनाव लिहिताना 'झो' मोठा काढायची. पण ती दमत नव्हती, तिला ताप येत नव्हता, शेळ्या वळायला जावं लागत नव्हतं. त्यामुळे ती पुढे पुढे जात राहिली.

आणि ती दर महिन्याला निबंध लिहायची. त्याची प्रत पालकांच्या फोनवर जायची. पहिला निबंध मी गंमत म्हणून उघडला.

'मला सांगायचं आहे की काल आमची चंद्री व्याली. दोन करडं झाली. एक काळं आहे आणि एक पांढऱ्या कानाचं. आई म्हणाली नावं तू ठेव. मी अजून ठेवली नाहीत, कारण नाव ठेवलं की विकता येत नाही.'

चंद्री ही झोऱ्यांची शेळी. मुंबईला जाण्याआधी त्यांनी ती विकली होती. टेम्पोत चढवताना तिचं ओरडणं मी शाळेच्या ओट्यावरून ऐकलं होतं. सावलीला चंद्री माहीत होती ती दुर्वाच्या तिसरीतल्या निबंधांमधून. पुढचं तिनं मनानं रचलं होतं. मला क्षणभर शहारा आला, मग हसू आलं, आणि मग मी जे करायला नको होतं ते केलं. निबंधाखाली शेरा लिहिला : 'छान! करडांचं पुढे काय झालं ते लिही.'

पुढच्या महिन्यात तिनं लिहिलं. मी पुन्हा शेरा लिहिला. तिसऱ्या महिन्यापासून मी वाट बघायला लागले.

माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला. वर्गातली नऊ पोरं कानात इअरफोनची बोंडं घालून आपापल्या पाटीत खाली मान घालून बसलेली. अख्ख्या दिवसात माझ्याशी सविस्तर बोलणारी एकच मुलगी होती आणि ती जिवंत नव्हती. म्हणजे जिवंत होती, पण ती तिकडे नवी मुंबईत. मला कोणती म्हणायची आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. मला ती सावली आवडत होती. चोरून आवडत होती, पण आवडत होती.

मग डिसेंबरात यादी लागली. परीक्षा आता कोणी घेत नाही. सांगातीच्या नोंदींवरूनच निवासी विद्यालयाला मुलं निवडतात. तालुक्यातून तीन मुलं. पहिलं नाव, दुर्वा संतोष झोरे. अभिनंदनाचा संदेश पालकांच्या फोनवर आपोआप गेला.

चार दिवसांनी सकाळी प्रार्थना चालू असताना सारिका झोरे चढण चढून वर आली. काखेत पिशवी, मागे एक उंच, वाळलेली मुलगी, आणि त्या मुलीच्या कडेवर पावणेदोन वर्षांचं पोर. तिकडेच झालेलं. राजवीर नाव.

"बाई, मोबाइलवर आलंय बगा," सारिका म्हणाली. तिला धाप लागली होती. "पोरगी साळंत न्हाय आन् पयली कशी आली? ह्यांनी म्हनलं, बाईंनी काय तरी चांगलंच केलं आसंल. जा घिऊन. जागा घालवू नगं."

"दर महिन्याला तुम्हाला निबंध येत होते ना?"

"येत हुते की. मला कुठं वाचायला येळ? हीच वाचायची."

मी दुर्वाकडे पाहिलं. बोटांची सालं गेलेली. शीतगृहाबाहेर बायका लसूण सोलतात, त्यांच्यात ही बसायची. आईची कामावर जायची वेळ झाली की पोर हिच्या कमरेवर. खरं सांगते, मला ती आवडली नाही. मी जिची वाट बघत होते ती ही नव्हती. स्वतःचीच लाज वाटली, पण वाटायचं ते वाटून गेलं.

"बाई, ती कुठं हाय?" दुर्वानं विचारलं.

"कोण ती?"

"जी लिवती ती. मी धाकट्याला निजवून वाचायचे. तिची चंद्री अजून हाय."

मी तिला सावलीचं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी मी हितं ऱ्हायले आसते, तर आसं झालं आसतं व्हय?"

मी कपाट उघडलं, पाटी काढली, तिच्या हातात दिली.

पाटीनं तिला ओळखलं नाही. चेहरा ओळखला, तेवढं वाढलेलं वय धरून ओळखला. पण दहा प्रश्न झाल्यावर काचेवर अक्षरं आली : 'जुळणी १४ टक्के. विद्यार्थिनीच्या अध्ययनात अचानक घसरण दिसते. कारण आजारपण किंवा मानसिक धक्का असू शकतो. पुनर्जुळणी सुरू करायची?'

सांगातीच्या लेखी तीन वर्षांची नोंद खरी होती आणि समोर बसलेली मुलगी ही त्या नोंदीतली बिघाड झालेली आवृत्ती होती. बिघाड दुरुस्त करायची सांगातीची तयारी होती.

त्या क्षणी मी दोन गोष्टी करू शकले असते. खरं सांगून टाकायचं. म्हणजे दुर्वाची निवड रद्द, माझी नोकरी जाणार, आणि गेली तीन वर्षं पट नऊच होता म्हणून शाळेला कुलूप. किंवा 'हो' दाबायचं. जूनला अजून सहा महिने होते. मुलगी हुशारच होती. सावलीइतकं तिला शिकवून घेतलं, तर खोटं आपसूक खरं होणार होतं. कोणाचंच नुकसान नाही. मी 'हो' दाबलं, आणि खूप हलकं वाटलं.

सारिका घर उघडून पोरांसह गावातच राहिली. पुनर्जुळणी रोज चार तास चालायची. मी पहिल्या दिवशी शेजारी बसून पाहिलं. आधी गणित. मग भाषा. पाटीनं विचारलं, "दुर्वा, मागच्या उन्हाळ्यात तू काय केलंस?"

"धाकट्याला सांबाळलं. लसूण सोलला."

पाटी काही बोलली नाही. तुझं चुकलं असं ती मुलांना कधीच म्हणत नाही, ते मुलांच्या मनाला बरं नसतं. ती फक्त थांबते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. तिसऱ्या वेळी तिनं चार पर्याय दिले. मामाकडे गेले. करडं राखली. आजारी होते. पोहायला शिकले. दुर्वानं निबंध वाचलेले होते. तिनं 'करडं राखली' वर बोट ठेवलं. काचेवर पिवळा तारा उमलला आणि बासरीचे दोन सूर वाजले.

"आपण तिला सगळं खोटं शिकवतोय का?" असं माझ्या मनात आलं. पण दुसऱ्याच आठवड्यात तिला भागाकार यायला लागला. तिसऱ्यात अपूर्णांक. अशी प्रगती मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. जुळणी एकतीस, बावन्न, अठ्ठ्याहत्तर. ती शून्यसुद्धा सावलीसारखं विसरायला लागली. मला ते गोड वाटलं. एक दिवस तिनं वहीत, पाटीत नव्हे, आपल्या हातानं निबंध लिहून मला दाखवला. 'मला सांगायचं आहे की' अशी सुरुवात होती. आडनावातला 'झो' मोठा काढला होता. मी वही छातीशी धरली. माझी मुलगी परत आली, असंच वाटलं. कोणती, हे मी स्वतःला विचारलं नाही.

तिची बोलीही बदलली. आधी 'हाय' म्हणायची, आता 'आहे' म्हणायला लागली. सावली तसंच लिहायची ना.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सारिका आली. नेहमीसारखी दारात उभी राहिली नाही, थेट आत आली, राजवीरला जमिनीवर सोडलं आणि माझ्या टेबलाला धरून उभी राहिली.

"बाई, माज्या पोरीला काय झालंय?"

"काय झालं? छान चाललंय तिचं."

"काल धाकटा तिच्याकडं गेला. ताई ताई करत. ह्यो जल्मल्यापासनं माझ्यापरास तिच्याकडंच जास्त आसतुय. तर ही मला म्हनती, आई, हा कुणाचा?"

"थट्टा केली असेल."

"थट्टा? मला वाटलं लई दिस झालं, गावाकडची हवा लागली, रागावली आसंल. म्हनलं, आगं तुजा भाऊ न्हवं का, तू मुंबईला ह्येला… तर म्हनली, आपण मुंबईला गेलोच नाही. आसं शांतपनी म्हनली बगा. वर्गात सांगावं तसं." सारिकाचा आवाज फाटला. "रिकामा गोठा झाडत हुती बाई. पाला आनून ठिवला हुता दोन जुड्या."

मी दुर्वाला ओट्यावर नेलं. खाली दरीत धुकं होतं आणि आतून पोरांचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. सालं भरून आली होती.

"बाळा, तू तीन वर्षं कुठे होतीस?"

"इथेच, बाई."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

तिनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "तिकडे होती ती कोणीतरी दुसरी, बाई. तिला खूप काम पडायचं. तिच्याकडे काहीच नव्हतं." आणि मग, अगदी सावलीच्या भाषेत, "मला तिची आठवण नको."

मुलगी वेडी नव्हती. तिच्यापुढे दोन आयुष्यं ठेवली होती आणि त्यातलं बरं ते तिनं उचललं होतं. दिवसाचे चार तास, तारा आणि बासरी वाजवून, आम्ही तिला तेच उचलायला लावलं होतं. तेव्हा मला जी भीती वाटली तशी नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. मी त्याच दिवशी पुनर्जुळणी थांबवली, पाटी कपाटात घातली आणि कुलूप लावलं. दुर्वा रडली नाही. ती मुकाट्यानं वही काढून लिहीत बसली.

दुसऱ्या दिवशी मी खाली केंद्रशाळेत गेले. आमचे केंद्रप्रमुख डुबल सर भला माणूस. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं.

"थोरवडे बाई, कशाला उकरून काढताय?"

"सर, पोर स्वतःच्या भावाला ओळखत नाही."

"येईल हळूहळू. मुलं विसरतात तशी आठवतातही." त्यांनी कपाकडे बघत आवाज उतरवला. "माझ्या केंद्रात पटावर एकशे बारा मुलं आहेत. सगळ्यांना पाय आहेत असं वाटतं तुम्हाला?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"बिनपायांची एक्केचाळीस," ते म्हणाले. "मी मोजली, मग मोजायचं बंद केलं. त्यातल्या तिघांना वक्तृत्वाची बक्षिसं आहेत. एका मुलाची सावली दरवर्षी शिक्षकदिनाला मला पत्र लिहिते, बाई. तो मुलगा पाचवीतच गेला. विहिरीत. आईबापांना ती पत्रं हवी असतात, म्हणून त्याचं नाव काढत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तुमची निदान परत तरी आली."

मी तिथून उठले. घरी येऊन कागद घेतला आणि हातानं सगळं लिहिलं. तारखा, अंगठे, शेरे, सगळं. दुर्वा झोरे तीन वर्षं गैरहजर होती, तिच्या नावावरची नोंद तिची नाही, ती नोंद पुसून टाकावी, दोष माझा आहे. पत्र जिल्ह्याला रजिस्टर टपालानं पाठवलं. शाळा जाणार, हे मला माहीत होतं. इतर नऊ पोरांचे चेहरे एकेक करून डोळ्यांपुढे आले. पण त्या नऊ जणांना आपण कोण आहोत हे तरी माहीत होतं.

नवव्या दिवशी पडताळणी अधिकारी आले. वाघोलीकर नाव. वय पस्तिशीचं, सभ्य, चढण चढून घामाघूम झालेले. पाणी प्यायले, पोरांना बाहेर खेळायला पाठवायला सांगितलं. दुर्वाला समोर बसवलं. सारिका राजवीरला घेऊन दारात उभी राहिली. तिला मीच बोलावलं होतं.

"बाई, तुमचं पत्र वाचलं," वाघोलीकर म्हणाले. "असं पत्र लिहायला धैर्य लागतं. पण माझ्यापुढे अडचण अशी की एकीकडे तुमचं पत्र आहे आणि दुसरीकडे तीन वर्षांची अखंड नोंद. तेव्हा मुलीलाच विचारू या. पाटी आहे ना?"

मी कपाटाचं कुलूप काढून पाटी दिली. नऊ दिवस ती बंद होती. त्यांनी ती चालू करून दुर्वापुढे धरली. दहा प्रश्न. दुर्वाचं बोट कुठेही अडलं नाही. फक्त जिथे सावली घुटमळायची तिथे नेमकं घुटमळलं.

जुळणी ९७ टक्के.

"नऊ दिवस पाटी कपाटात होती, साहेब," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. वह्या आठवल्या. मुकाट्यानं लिहिलेल्या त्या वह्या. पाटीशिवायच ती उरलेलं पुरं करत होती.

वाघोलीकरांनी पाटी गुडघ्यावर ठेवली. "दुर्वा, गेली तीन वर्षं तू शाळेत येत होतीस?"

"हो सर. रोज. पाऊस असला तर घरीच पाटीवर शिकायचे."

"मुंबईला गेली होतीस?"

"नाही सर." ती माझ्याकडे वळून बघून हळू आवाजात म्हणाली, "बाईंची तब्येत बरी नसते. त्या एकट्या असतात. त्यांना रागावू नका."

वाघोलीकरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी ओळखते. सेवानिवृत्तीला टेकलेल्या बायकांकडे असंच बघतात.

"आवं सायब, मी आई हाय तिची!" सारिका दारातून ओरडली. "आमी मुंबईला हुतो. ह्यांना फोन लावा. शीतगृहात इचारा!"

"ताई, शीतगृहाच्या नोंदीत कामगारांची नावं असतात, मुलांची नसतात," ते समजुतीनं म्हणाले. "तुम्ही तिकडे होता हे मला मान्य आहे. मुलगी इथे होती, एवढंच नोंद सांगते आहे. पुष्कळ पालक मुलांना गावी ठेवतात."

आरडाओरड्यानं राजवीर बिचकला. आईच्या हातून सुटला, धडपडत आत आला आणि भोकाड पसरून दुर्वापुढे दोन्ही हात वर करून उभा राहिला. दुर्वा वाघोलीकरांकडे बघत होती, पुढच्या प्रश्नाची वाट बघत. बघता बघताच ती उठली आणि खाली वाकली. एका हातानं त्याला काखेत धरून उचललं, डाव्या कमरेवर टाकलं, कंबर किंचित बाहेर काढली, आणि उभ्या उभ्या डुलायला लागली. तिचा हात त्याच्या पाठीवर आपोआप थोपटत होता. पोर दोन हुंदक्यांत शांत झालं.

"साहेब, बघा," मी म्हणाले. "तिच्या कमरेकडे बघा. सहज आलंय का तिला ते? पावणेदोन वर्षं उचललंय तिनं त्याला."

त्यांनी पाहिलं. खोटं कशाला बोलू, नीट पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "ह्याची नोंद कुठे करायची, बाई?"

त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. तक्रार मागे घेतल्याचा अंगठा हवा होता. मी हात पाठीमागे बांधले. नाही दिला तरी पंधराव्या दिवशी ती आपोआप निकालात निघते, असं त्यांनी सांगितलं. शाळा चालू राहणार होती. जूनमध्ये दुर्वा निवासी विद्यालयात जाणार होती. माझ्यासाठी ते विश्रांतीची रजा सुचवणार होते.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि दुर्वापुढे जाऊन उभी राहिले.

"दुर्वा, तुझ्या कडेवर कोण आहे?"

तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचं नाक वाहत होतं. तिनं आपल्या ओढणीच्या टोकानं ते पुसलं, दुमडून पुन्हा पुसलं. तिचे ओठ जरासे हलले. सारिका दारात भिंतीला टेकली होती.

"नाव सांग बाळा त्याचं."

दुर्वाची कंबर डुलत होती. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून निघाली, माझ्यावरून गेली आणि टेबलावरच्या पाटीवर जाऊन थांबली. तिथे चार पर्याय येतील म्हणून ती वाट बघत राहिली. राजवीर तिच्या खांद्यावर मान टाकून झोपून गेला होता.